पहिली लँग्वेज कोणती? तीन वह्या घेऊन आलेला मुलगा

करिअरच्या प्रश्नांसाठी माझ्याकडे जी मुलं येतात त्यांच्यात हा प्रश्न आता इतका कॉमन झालाय की फोनवर वेळ ठरवतानाच अंदाज येतो. प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पहिली लँग्वेज कोणती घेऊ, आणि चुकीची घेतली तर वर्ष वाया जाईल का? शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात येतं आणि खरी काळजी तीच असते. आज एका मुलाबद्दल लिहितेय, त्याला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बाजूला ठेवून.

कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होता. नीट बसायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला, त्यात एक मोठा तक्ता, डावीकडे लँग्वेजची नावं आणि वर कॉलम, सोपी किती, नोकऱ्या किती, पुढे टिकेल का वगैरे. सात महिने तो हा तक्ता भरत होता. चुलत भाऊ नोकरी करतो, तो म्हणाला आधी सी कर नाहीतर पाया कच्चा राहील, मैत्रीण म्हणाली पायथॉन, कुठल्यातरी व्हिडिओत जावास्क्रिप्ट सांगितलं होतं आणि क्लासचे सर जावावर ठाम. "मॅडम, तुम्ही फक्त एक नाव सांगा, मी डोळे झाकून तेच करतो."

नाव सांगणं सोपं होतं पण मी नाही सांगितलं, कारण चार जणांनी चार नावं आधीच दिली होती, माझं पाचवं झालं असतं आणि तक्त्यात अजून एक ओळ वाढली असती. मी विचारलं, आत्तापर्यंत काय काय केलंयस? म्हणाला काहीच नाही, सगळं अर्धवट आहे. मग म्हटलं जे अर्धवट आहे तेच पुढच्या वेळी घेऊन ये.

तो तीन वह्या घेऊन आला. सी, पायथॉन, जावास्क्रिप्ट. अक्षर इतकं सुंदर, हेडिंग लाल पेनाने, खाली पट्टीने ओढलेली रेघ. मी तिन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि प्रत्येकीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. सीची वही लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी सूचना) आत लूप आला तिथे संपलेली, पायथॉनची पण तिथेच, जावास्क्रिप्टची त्याच्या दीड पान आधी. पुढे सगळी कोरी पानं. मी काहीच बोलले नाही. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तिन्ही एकाच ठिकाणी थांबल्यात."

हे मी खूप मुलांमध्ये बघितलंय. सुरुवातीचे धडे म्हणजे व्हेरिएबल (व्हॅल्यू ठेवायची नावाची जागा), प्रिंट, इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते), कुठल्याही लँग्वेजमध्ये वाचले की बऱ्यापैकी समजतात. लूपला मात्र मशीन डोक्यात चालवावं लागतं, प्रत्येक फेरीला व्हॅल्यू बदलते आणि ती लक्षात ठेवून पुढची फेरी करायची असते, तिथे सगळ्यांचाच वेग पडतो. आपल्याला जमत नाहीये असं वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी सांगतं की अमुक लँग्वेज सोपी आहे, मग नवी वही, पहिला धडा, परत सगळं येतंय, बरं वाटतं. मुलगा आळशी अजिबात नव्हता, उलट तीन-तीनदा सुरुवात करायला कष्टच लागतात. पण अवघड पानाजवळ आला की त्याचे पाय मागे वळत होते, आणि लँग्वेज निवडायचीय हे त्यासाठी एकदम सन्मानाचं कारण होतं. मला हे जमणार नाही असं म्हणण्यापेक्षा माझं अजून ठरत नाहीये म्हणणं सोपं जातं, आणि हे मी त्याला याच शब्दांत सांगितलं. त्याचे डोळे भरून आले.

समुपदेशनात येण्याआधी मी काही वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवायचे, त्यामुळे त्या दिवशी वहीच उघडली. पायथॉनच्या वहीत १ ते ५ ची बेरीज करायचा प्रोग्रॅम होता. रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगतात तिथे, १ आणि ५ लिहिलेलं, उत्तर १५ यायला हवं होतं, आलं १०. त्याचं म्हणणं पायथॉन विचित्रच आहे. मी एक कोरा कागद दिला, तीन कॉलम आखायला लावले, फेरी, आय म्हणजे त्या फेरीचा आकडा आणि टोटल म्हणजे तोवरची बेरीज, आणि म्हटलं आता तूच कॉम्प्युटर हो, मनाचं काही घालायचं नाही. पहिली फेरी आय १ टोटल १, दुसरी २ आणि ३, तिसरी ३ आणि ६, चौथी ४ आणि १०. मग पटकन पाचवी ओळ पण लिहिली. मी विचारलं हा ५ कुठून आला? रेंज शेवटच्या आकड्याच्या आधी थांबते, तो वहीत त्याने स्वतःच्याच अक्षरात लिहिलेला नियम होता. पाचवी ओळ खोडली. मग मी सीची वही पुढे सरकवली. तिथे तीच बेरीज, अट काय तर आय हा ५ पेक्षा लहान असेपर्यंत, म्हणजे इथेही ४ ला थांबणार, आणि मार्जिनमध्ये लाल पेनाने लिहिलेलं, उत्तर का चुकतंय?? दोन लँग्वेज, मध्ये चार महिन्यांचं अंतर, आणि चूक एकच.

तेव्हा कुठे मी निवडीबद्दल बोलले. कॉलेज जी शिकवतंय ती चालू असेल तर तीच धरावी, कारण सराव आणि शंका विचारायला माणसं आपोआप मिळतात. मोकळीक असेल तर मी बहुतेकांना पायथॉन सांगते, कमी लिहून प्रोग्रॅम चालतो आणि लक्ष विचारावर राहतं. वेबपेजवर लगेच काहीतरी हललेलं बघायचं असेल तर जावास्क्रिप्ट. सी शिकताना मेमरी म्हणजे काय हे फार छान कळतं, चुलत भावाचं त्या बाबतीत चूक नाही, फक्त ते दुसऱ्या नंबरला शिकलं तरीही कळतं. पाया कच्चा राहील हे वाक्य मात्र मोठ्यांनी नवख्या मुलांना बोलू नये असं मला मनापासून वाटतं, त्या एका वाक्याने मुलं महिनोन्महिने अडकलेली बघितलीत.

पायथॉन पुढे राहील ना, ही त्याची भीती उरलीच होती. मी त्याला सांगितलं, १९६४ ला डार्टमथ कॉलेजमध्ये केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक बनवली ती मुळात विद्यार्थ्यांसाठी, १९७० ला निकलॉस विर्थ यांची पास्कल आली तीही शिकवण्यासाठीच. त्यांच्यावर शिकलेले कितीतरी लोक नंतर भलत्याच लँग्वेजमध्ये आयुष्यभर काम करत राहिले. पायथॉन स्वतः किती बदलली बघ, २००८ ला तिसरी आवृत्ती आली तेव्हा साध्या प्रिंटला कंस द्यायची सक्ती झाली, जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीला बंद झाला, लोकांनी बदल शिकून घेतला. लूप, कंडिशन, फंक्शन, लिस्ट हे एकदा डोक्यात बसलं की दुसऱ्या लँग्वेजमध्ये लिहायची पद्धत तेवढी नवी असते.

त्याच्या कॉलेजात सी पुढच्या सेमिस्टरला होती म्हणून पायथॉन ठरली. अट माझी एकच, तीन महिने बदलायची नाही, आणि अडकलं की नवा व्हिडिओ शोधायच्या आधी कागदावर ते तीन कॉलम. तक्ता त्याने माझ्यासमोर डिलीट केला, मी सांगितलं नव्हतं. लूपमधल्या लूपला नंतर तो चार दिवस अडकला, दुसऱ्या दिवशी रात्री मेसेज आला की जावा बघू का, मी लिहिलं कागदाचा फोटो पाठव. चौथ्या दिवशी फोटो आला, दोन्ही बाजू भरलेल्या.

मग बरेच दिवस काही नाही. सेमिस्टर बदलल्यावर एका संध्याकाळी मेसेज, "मॅडम सीमध्ये ७ भागिले २ केलं तर ३ येतंय, पायथॉनमध्ये साडेतीन यायचं, असं का?" मी उत्तर टाईप करतच होते तर दुसरा मेसेज आला, "कळलं, दोन्ही इंटिजर म्हणजे पूर्णांक आहेत म्हणून." सोबत फोटो होता. तीच जुनी सीची वही, लूपमधल्या लूपचं ते थांबलेलं पान, आणि त्याच्या खाली नवीन तारीख टाकून पुढे लिहिलेलं.