सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसण्याआधी

लातूर-परभणीकडून नांदेडला बीएस्सी कॉम्प्युटरला आलास, बारावीत कोडचं तोंड पाहिलं नाहीस, तरी घाबरू नको. फक्त प्रोग्राम पाठ करू नको. ती बारावीची सवय लॅबमध्ये कामी येत नाही. वहीवर व्हेरिएबलांचे (किंमत साठवायला नाव दिलेल्या जागांचे) कप्पे आख आणि प्रत्येक ओळीनंतर किंमत लिही. सीमध्ये ७/२ चं उत्तर ३ येतं, कारण दोन्ही पूर्णांक, ७.०/२ लिहिलं की ३.५. ॲरे (एकाच नावाखाली ओळीनं असलेली घरं) ० पासून मोजतात. १० घरांचा असेल तर शेवटचं घर ९. तू १० लिहिलंस तर कंपायलर (तुझा कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) बहुधा गप्प राहतो अन् प्रोग्राम भलतीकडेच बिघडतो.

ढीगभर एरर आल्या तर सगळ्यात वरची आधी काढ, खालच्या बऱ्याच तिच्याच पोरी. इंग्रजीची धास्ती कशाला? सी८९ चे, म्हणजे सीच्या १९८९ च्या प्रमाण रूपाचे, कीवर्ड (भाषेचे राखीव इंग्रजी शब्द) ३२च आहेत.