जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकताना स्क्रीन काळी पडते, वायफायही दिसत नाही. मशीनच बदलावं का?

नका बदलू. निदान या कारणासाठी तरी नको.

तुम्ही लिहिलंय ते असं: दहाएक वर्षं जुना डेस्कटॉप, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला, विंडोज ११ त्या प्रोसेसरला उभं करत नाही, म्हणून मिंट (लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायला घेतलं. पेनड्राइव्हचा मेनू येतो, एंटर दाबलं की काळोख. एकदा कसेबसे आत गेलात तर वायफाय गायब. आणि साताऱ्यातला दुकानदार म्हणतो, 'तुमचा मदरबोर्ड लिनक्सला सपोर्ट करत नाही.'

हेच वाक्य मी सांगलीत ऐकलंय आणि नव्या पीसीचं कोटेशन खिशात घालून घरी आलोय. २०१९ च्या पुरात आम्ही सगळ्यात आधी जे सामान माळ्यावर चढवलं, त्यात तो सीपीयू होता. इतक्या सहज भंगारात घालायला मन होईना. दोन रविवार घालवल्यावर कळलं की मदरबोर्डचा काही दोषच नव्हता. एक ग्राफिक्स कार्ड आणि एक वायफायची चिप, एवढीच भानगड. लिनक्सला कॅबिनेटवरच्या कंपनीशी घेणंदेणं नसतं, आतल्या एकेका चिपशी असतं. त्यामुळं 'अमुक कंपनीचा चालतो का' असं विचारत बसण्यापेक्षा कुठली चिप अडली ते शोधा.

स्क्रीन काळी झाली की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो? मग मशीन जिवंत आहे, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत येत नाही. दिवा ढिम्म असेल तर गाडी खरंच अडकलीय. तेव्हा पेनड्राइव्ह नव्यानं बनवा, रॅमच्या कांड्या काढून खोडरबरानं पुसून परत बसवा. माझा दिवा झकास लागत होता.

माझ्याकडं एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड होतं. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी लिनक्समधे सुरुवातीला नूव्हो नावाचा ड्रायव्हर (म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) चालतो. तो मुळात बाहेरच्या लोकांनी कार्ड कसं वागतं ते ताडून लिहिलेला आहे, त्यामुळं काही कार्डांवर तो आंधळा होतो. मिंटच्या पेनड्राइव्हच्या मेनूत 'कंपॅटिबिलिटी मोड' अशी एक ओळ असते, ती निवडा. इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा काळोख झाला तर ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणा (सुरू होताना एस्केप दाबा; जुन्या बायोसवर, म्हणजे मदरबोर्डमधल्या जुन्या धाटणीच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमवर, शिफ्ट), ई दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' च्या पुढं एक जागा सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) टाका, इंग्रजी लहान अक्षरांत, एका शब्दात. मग एफ१०. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, बिनधास्त करा. चित्र ओबडधोबड येईल. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका. माझ्या कार्डाला ४७० मालिकेचा लागला. पुढच्या मालिकांनी त्या पिढीला सोडून दिलंय.

आणखी सोपं सांगू? प्रोसेसरमधे ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर कार्ड उपसून काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. घरात कुणी गेम खेळत नसेल तर कार्ड परत बसवायची गरजही पडत नाही.

वायफायचं दुखणं वेगळं. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर. इथं बरेच जण हात टेकतात, पण उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडा, फोनमधे यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा मिनिटभरात लिनक्सला नेट मिळतं. केबल फक्त चार्जिंगची नको, तिच्यापायी माझा अर्धा तास गेला. मग टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसपीसीआय' ही कमांड 'डॅश एनएन' जोडून चालवा. यादीत नेटवर्कच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात कोलननं जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतील. माझे होते १४ई४:४३६५, म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२. तो नंबर आणि 'लिनक्स' एवढंच गूगलवर टाकायचं. यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी' वापरा. डोंगलच्या खोक्यावर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत चिप वेगवेगळी निघते.

ड्रायव्हर टाकूनही वायफाय येईना, तर सिक्युअर बूट बघा, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी बायोसमधली सोय. असे ड्रायव्हर टाकताना मिंट एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि रिस्टार्टला निळी स्क्रीन येते. आपण घाईत 'कंटिन्यू' दाबून मोकळे होतो. तिथं 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, नाहीतर ड्रायव्हर जागेवर असून सुरूच होत नाही. नाद नको असेल तर बायोसमधे सिक्युअर बूट बंद करा. मी तेच केलं. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर मात्र आधी त्यातलं बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का ते बघा, नाहीतर ते रिकव्हरी की मागत बसेल.

विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलेत तर घड्याळही बरोबर साडेपाच तासांनी चुकेल. मी त्या नादात बायोसची बॅटरी बदलली, फुकट. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ.

आता नवं काही इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरून कंपॅटिबिलिटी मोडमधे सुरू करा आणि डिस्कला हात न लावता आवाज, वायफाय, प्रिंटर सगळं तिथंच तपासा. प्रिंटर एचपी १०२० असेल तर त्याला एचपीचा वेगळा प्लगइन लागतो, तो नंतर टाकता येतो. वायफाय अडलं तर त्या चिपचा नंबर उत्तराखाली लिहा, मी बघतो.