मासिक ब्लॉक क्लबचे पैसे भरण्यापूर्वी

ताई, तुमचा नवशिक्यांचा वर्ग नुकताच संपला आहे, घरी शिवणयंत्र आहे, आणि दर महिन्याला गोधडीच्या एका ब्लॉकचे (तुकडे जोडून होणाऱ्या चौकोनाचे) कापड व कृती घरपोच पाठवणाऱ्या क्लबचे वर्षाचे पैसे भरावेत का, भरायचे तर परदेशी क्लबचे की इथल्या, आणि वर्षअखेरीस त्यातून लेकीच्या सिंगल बेडला पुरेल एवढी गोधडी होईल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर नकारार्थी आहे आणि बाकीचे दोन निर्णय बऱ्याच अंशी त्यावरच ठरतात.

बहुतेक क्लबांचा ब्लॉक जोडणीनंतर १२ इंचांचा भरतो. सुटा असताना, चारी बाजूंची पाव इंच माया (शिवणीत जाणारे कापड) धरून, तो साडेबारा इंच असतो. असे १२ ब्लॉक तीन-तीनच्या चार ओळींत मांडले आणि मधून व कडेने दोन इंची पट्ट्या दिल्या, तर हाती येते ते ४४ बाय ५८ इंचांचे काम. आपल्याकडची सिंगल गादी साधारण ३६ बाय ७२ किंवा ७५ इंच असते आणि दोन्ही अंगांनी नीट खाली येणारे पांघरूण हवे असेल, तर ६० बाय ९० इंचांच्या आसपास जावे लागते. म्हणजे क्लबच्या जाहिरातीत सोफ्यावर पसरलेली जी सुरेख गोधडी दिसते, ती सोफ्यापुरतीच असते. यात फसवणूक काही नाही, मापे कृतीत छापलेली असतात; फक्त पैसे भरण्यापूर्वी ती कोणी वाचत नाही.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. क्लबच्या १२ ब्लॉकांच्या जोडीला त्याच मापाचे १२ साधे, एकाच कापडाचे चौकोन कापायचे आणि चार-चारच्या सहा ओळींत एकाआड एक मांडायचे. दोन इंची पट्ट्यांसह हे ५८ बाय ८६ होते, बाहेरून आणखी दोन इंची किनार लावली की ६२ बाय ९०. कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ इंचांचा असेल, तर साडेबारा इंचांचे तीन चौकोन एका ओळीत बसतात, म्हणून चार ओळींना ५० इंच लागतात. दीड मीटर कापड घेतले की काम निर्धास्त होते. माझ्या मते तर गोधडी अशीच अधिक शोभते. सगळेच ब्लॉक बोलके असले की डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि हाताने घातलेला धावदोरा खुलून दिसतो तो साध्या चौकोनातच.

आता क्लबमधून काय येत नाही, ते पाहू. मधल्या पट्ट्या, किनार, अस्तर, मधला थर आणि कडेची बारीक पट्टी यांचे कापड मासिक पाकिटात सहसा नसते. काही जण ते वर्षाच्या शेवटी वेगळा संच म्हणून विकतात आणि तोवर आपण इतके गुंतलेलो असतो की मुकाट्याने घेतो. वास्तविक, अस्तराला ७० बाय ९८ इंच लागतील असे धरले, तर साडेपाच मीटरची एक सुती साडी मधोमध कापून तिचे दोन भाग शेजारी शेजारी जोडले की ते भागते. मधल्या थराच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत जाड पॉलिएस्टरचा थर घातलेली गोधडी वर्षातले बरेच महिने कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. धुऊन मऊ झालेले सुती कापड, म्हणजे जुनी साडी किंवा चादर, हाच आपल्या आजी-पणजींचा थर इथे खरा उपयोगी आहे. कडेसाठी अडीच इंची आठ पट्ट्या, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडे जास्त कापड पुरते.

परदेशी क्लबविषयी माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी घेऊ नये. किटच्या किमतीइतकाच टपालखर्च, त्यावर सीमाशुल्क, कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क असे एकावर एक चढत जाते. वर्षाची बेरीज कागदावर मांडल्याशिवाय हे लक्षात येत नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोर एका महिन्याचाच आकडा असतो. दुसरी अडचण पैसे वळते होण्याची. १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डांवरून आपोआप होणाऱ्या ठरावीक मुदतीच्या व्यवहारांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. नोंदणीच्या वेळी जादा पडताळणी लागते आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ज्या छोट्या परदेशी दुकानाच्या यंत्रणेत ही सोय नाही, तिथला व्यवहार परस्पर नाकारला जातो, आणि कळेपर्यंत त्या महिन्याचे पाकीट हुकलेले असते. अशा वर्षभराच्या संचातला एखादा ब्लॉक हुकला की त्याचे कापड पुन्हा मिळेलच असे नाही.

शिवाय कापडाचा पोत वेगळा असतो. तिकडचे गोधडीसाठी विणलेले सुती कापड आपल्या छापाच्या कॅम्ब्रिकपेक्षा (पातळ सुती कापडापेक्षा) बरेच भरीव असते. ब्लॉक तिकडच्या कापडाचे आणि साधे चौकोन इथल्या कॅम्ब्रिकचे, असे केले तर जोडावर पातळ कापड ओढले जाते आणि दोन-चार धुण्यांनंतर ते जागोजागी फुगते. तिकडच्या कृती गज आणि इंचात असतात, हेही ध्यानात असू द्या: गज ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांहून थोडा अधिक, आणि ‘फॅट क्वार्टर’ म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा, आपल्या दुकानात पाव मीटर मागितले तर लांबट पट्टी मिळेल, हा तुकडा नाही.

केवळ कृती पाठवणारे, कापड न देणारे क्लब स्वस्त असतात आणि अनेकदा तेच बरे. मात्र कृती कोणत्या ब्लॉकच्या आहेत ते विचारा. नाइन पॅच, लॉग केबिन, ओहायो स्टार हे पारंपरिक ब्लॉक आहेत; त्यांची मापे चौकटीच्या कागदावर अर्ध्या तासात काढता येतात आणि त्यांच्यासाठी वर्गणी भरण्याचे कारण नाही. एखाद्या कलाकाराची स्वतःची रचना असेल तर पैसे जरूर द्यावेत, आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर मैत्रिणींना पाठवू नये. शेवटची मांडणी गुपित ठेवणारे ‘मिस्टरी’ क्लब मात्र लेकीच्या पलंगासाठी टाळा. तिला रंग आवडला नाही तर वर्ष फुकट जाईल.

कापड देणारा इथला क्लब घ्यायचा ठरले, तर विक्रेत्याला एक गोष्ट आवर्जून विचारा: पार्श्वभूमीचे पांढरे किंवा मोतिया कापड वर्षभराचे एकदम मिळणार, की महिन्याला थोडे थोडे? दोन ताक्यांचा पांढरा कधीच एकसारखा नसतो. सुटे ब्लॉक पाहताना ते जाणवत नाही, शेजारी शेजारी जोडले की दिसते, आणि मग इलाज उरत नाही. दुसरे, तुकडा चुकीचा कापला गेला तर जादा कापड मिळते का. तिसरे, एखादा महिना थांबवता येतो का. कारण गणपती ते दिवाळी या काळात आणि मार्चच्या परीक्षांत तुमच्या यंत्रावरचे आवरण निघणार नाही, हे आताच मान्य केलेले बरे.

नीळ आणि अजरखी लाल हे रंग पांढऱ्याशेजारी असतील तर त्यांची परीक्षा करा. ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा दाबून वरून गरम इस्त्री ठेवली की रंग सुटतो की नाही ते दिसते. सुटत असेल तर अख्खे कापड आधी धुता येते, पण क्लबने मापात कापून दिलेले तुकडे धुतले तर कडा उसवतात, म्हणून अशा वेळी बदली कापड मागावे.

पावसाळ्यात पाकिटे प्लॅस्टिकमध्ये कोंडून ठेवू नयेत, कागदी लिफाफा बरा.

आता ज्यावर सगळे अवलंबून आहे ती गोष्ट: तुमची पाव इंचाची, म्हणजे दोन सुतांची माया. बहुतेक घरगुती यंत्रांच्या साध्या फूटची (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाची) कड सुईपासून पाव इंचापेक्षा दूर असते, त्यामुळे फूटच्या कडेने शिवले की माया नकळत मोठी पडते. नाइन पॅचमध्ये साडेचार इंची तीन तुकडे शेजारी येतात, म्हणजे दोन जोड आणि चार कडा. प्रत्येक कडेला अर्धा सूत जास्त गेला तर साडेबारा इंचांऐवजी सव्वाबारा भरतात. लॉग केबिनमध्ये जोड याहून पुष्कळ जास्त, म्हणून घटही जास्त. त्यामुळे एका महिन्याचा ब्लॉक सव्वाबारा, दुसऱ्याचा साडेबारा, तिसऱ्याचा बाराच, असे वर्षअखेरीस जमते आणि ओळी जुळत नाहीत.

हे तपासायला पंधरा मिनिटे लागतात. दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, लांब कडेने एकमेकींना जोडा, इस्त्री करा (इस्त्री ठेवून उचलायची, घासायची नाही, नाहीतर कापड ताणले जाते), आणि मोजा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि पूर्ण तुकडा साडेतीन इंचांचा चौरस आला पाहिजे. मधली पट्टी एक इंचाहून कमी भरली तर माया मोठी आहे. सुई सरकवता येत असेल तर उजवीकडे सरकवा, नसेल तर सुईखालच्या पत्र्यावर मास्किंग टेपची कड लावून नवी रेषा ठरवा, किंवा पाव इंची फूट घ्या. दोऱ्याची जाडी आणि घडीचा उंचवटा यांतही थोडे कापड जाते, म्हणून जाणकार पाव इंचाला एक धागा कमीच शिवतात.

आणखी एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या जागी मी तोच घेतला असता: मैत्रिणींनी मिळून भिशीसारखा चालवलेला आपलाच क्लब. महिन्याला किंवा आठवड्याला एकेक ब्लॉक करत जाण्याची पद्धत जुनी आहे. कॅन्सस सिटी स्टार या अमेरिकी वर्तमानपत्राने १९२८ ते १९६१ या काळात ब्लॉकचे नमुने छापले. पुढे तिकडच्या दुकानांत एक चाल रूढ झाली: पहिल्या महिन्याच्या ब्लॉकचे पाच डॉलर भरायचे, ठरल्या दिवशी तो शिवून आणला तर पुढचा फुकट, न आणला तर पुन्हा पैसे. क्लबचा खरा उपयोग कापडापेक्षा या तारखेत आहे, आणि तारीख पाळण्याची सवय आपल्याकडच्या बायकांना भिशीने केव्हाच लावली आहे. खारघर, ऐरोली, ठाणे अशा तीन-चार जणी जमलात तर दर महिन्याला एकीने ब्लॉक निवडावा, सगळ्यांनी ठरावीक रक्कम काढावी आणि वर्षभराचे पार्श्वभूमीचे कापड सुरुवातीलाच एका ताक्यातून आणावे. मुंबईचे मंगलदास मार्केट (कापडबाजार) रविवारी बंद असते, म्हणून शनिवारी निघा. जी ब्लॉक आणणार नाही तिने पुढच्या महिन्याचे दुप्पट भरावे. ब्लॉक एकमेकींत वाटून घेण्याच्या फंदात मात्र पहिल्या वर्षी पडू नका. प्रत्येकीची माया वेगळी असते आणि ते दुखणे शेवटी जोडणारीच्या वाट्याला येते.

तरीही विकतचा क्लबच हवा असेल तर इथला, शक्यतो सहा महिन्यांचा घ्या. सहा ब्लॉक दोन-दोनच्या तीन ओळींत, त्याच दोन इंची पट्ट्यांसह, ३० बाय ४४ इंच होतात. लहान बाळाला ते पुरते. पैसे भरण्याआधी तीन पट्ट्यांची चाचणी करून मधल्या पट्टीचे माप इथे लिहा, म्हणजे टेप कुठे लावायची ते नेमके सांगता येईल.