सातबाऱ्यावरचं ‘झुडपी जंगल’

भंडारा जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे की, गावाला लागून असलेल्या सरकारी जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे. प्रत्यक्षात तिथे मुरूम, पळसाची खुरटी झाडं, बोरीची जाळी आणि चरणारी गुरं. मग ही जमीन जंगल म्हणायची की पडीक? तिला गायरान म्हटलं तर चालेल का? आणि ‘झुडूप’वरून ‘झुडुपी’ व्हायला हवं ना?

शेवटचं आधी उरकून टाकतो. लाकूड–लाकडी, तसं झुडूप–झुडपी. सामान्यरूप होताना उपान्त्य ‘ऊ’चा ‘अ’ होतो, म्हणूनच आपण ‘झुडपात’ म्हणतो, ‘झुडुपात’ नाही. ‘झुडुपी’ अधूनमधून छापलेलं दिसतं. ते सोडून द्या.

अर्थाचं मात्र इतक्यात आटोपणार नाही. या दोन शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साली निकाल द्यावा लागला, आणि त्यात सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन गुंतलेली होती.

ही नोंद नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांची. पुण्या-साताऱ्याच्या तलाठ्याला ती भेटायची नाही, कारण तिचं मूळ जुन्या मध्य प्रांतात आहे. तिथे गावं मालगुजारांकडे, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकांकडे होती. नांगराखाली नसलेली जमीनही त्यांच्याच ताब्यात, पण गावकऱ्यांची गुरं तिथे चरायची, सरपण तिथूनच यायचं. मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने मालगुजारी मोडली आणि ही सगळी जमीन सरकारजमा झाली. गावाची वहिवाट बुडू नये म्हणून ती लिहून ठेवायची सोय झाली. त्या कागदाचं नाव निस्तारपत्रक. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा दप्तरासोबत हे शब्दही आले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १६१ मध्ये निस्तारपत्रक आजही आहे. थोडं पुढे, कलम १६५ मध्ये, ‘वाजिब-उल-अर्ज’ (गावच्या रूढींची नोंद) असा अरबी-फारसी वळणाचा शब्दही सुखाने नांदतो आहे.

‘निस्तार’ म्हणजे संस्कृतात पार पडणं, सुटका होणं. आमच्याकडे त्याचा अर्थ रोजची गरज भागवणं असा झाला. छत्तीसगडात अंघोळी-धुण्याच्या तळ्याला ‘निस्तारी तालाब’ म्हणतात, तोच हा शब्द. निस्तारपत्रकात काय येतं ते पाहिलं की जमिनीचा स्वभाव कळतो: गुरं कोणत्या अटींवर चारायची, जळाऊ लाकूड कुणी किती न्यायचं, मुरूम, माती, दगड कुठून काढायचे. गावची खळी, स्मशान, मेलेली ढोरं सोलायची जागा यांसाठीही अशीच सरकारी जमीन वेगळी काढून ठेवता येते.

‘झुडपी जंगल’ हा शब्द या घरातला आहे. मोठी झाडं नसलेली, कुणाच्या वहितीत नसलेली, हलकी, झुडपाळ जमीन, एवढंच त्या नोंदीला म्हणायचं होतं. मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या दप्तरांत त्याची सख्खी भावंडं आहेत: ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’. लिहिणारा वनस्पतिशास्त्र लिहीत नव्हता. पाहून दिसलं ते टिपत होता.

गोची झाली ती ‘जंगल’ या उत्तरपदाने. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला लावायला बंदी घातली. वन म्हणजे काय, हे गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: शब्दकोशातला अर्थ लागू पडतो ते तर वनच, शिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल तेही, मालक कुणीही असो. झालं! तलाठ्याच्या कागदावरचं जंगल एका रात्रीत दिल्लीच्या अखत्यारीत गेलं. तोवर त्याच जमिनींवर घरं, शेतं, शाळा, सरकारी इमारती, दफनभूमी उभ्या राहिल्या होत्या.

राज्याचा हिशोब असा होता की एकूण सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर झुडपी जंगलापैकी ९२ हजार वनखात्याच्या कामाचं आहे आणि उरलेलं ८६ हजार वनीकरणाला निरुपयोगी, तेव्हा ते मोकळं करा. ‘जंगल’ हे नुसतं नाव आहे, असा तो युक्तिवाद. २२ मे २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो मानला नाही. ‘झुडपी’ म्हणजे मराठीत झुडपांचं, हलक्या प्रतीची झुडपाळ जमीन, हा अर्थ न्यायालयाने नोंदवला. पण १९९६ च्या आदेशाप्रमाणे ती वनजमीनच धरायची, असं ठरवलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवला: राज्याने केंद्राची मंजुरी घ्यायची, पण भरपाई वनीकरणाची अट नाही, पैसेही भरायचे नाहीत. त्या तारखेनंतर वाटप झालं असेल तर ते का झालं याचा जाब द्यावा लागेल आणि अधिकाऱ्यांवर कारवाईही होईल.

भरपाई वनीकरणाचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगतो. खाणीला किंवा धरणाला जंगल गेलं की त्याबदली दुसरीकडे झाडं लावायची असतात. कुठल्या जमिनीवर लावली तर चालतील याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत झुडपी जंगल, छोटे-बडे झाड का जंगल, जंगल-झाडी, सिव्हिल-सोयम अशी देशभरच्या दप्तरी शब्दांची माळच आहे. म्हणजे जमीन मागायला गेलात तर हे जंगल, आणि गेलेल्या जंगलाची भरपाई करायची तर इथे जंगल नाही, लावा झाडं! २०२५ च्या निकालाने याला लगाम घातला, हे बरं झालं. मुख्य सचिवांनी दुसरी जमीनच नाही असं लिहून दिल्याखेरीज झुडपी जंगल त्यासाठी वापरायचं नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू ‘जंगल’ या शब्दाला धरून भांडल्या आणि नोंदीचा जीव ज्यात होता तो निस्तार बाजूला पडला. राखायचं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यासमोर साग-ऐनाचं वन. मोकळं करा म्हणणाऱ्यांना दिसतात भूखंड. ढोरक्याला, म्हणजे गुराख्याला विचारा, तो पावसाळ्यानंतरचं गवत, शिंदीच्या पानांचे फडे आणि पळसाच्या मुळ्यांचा वाख सांगेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र हा शब्द उचलला आहे. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ नावानिशी आहे, आणि त्या कायद्यातल्या वनजमिनीत अवर्गीकृत नि मानीव (वन म्हणून धरलेली) वनंही येतात. जमीन वन ठरली म्हणून गावाचा पाय आपोआप निघत नाही, उलट दावा करायला जागा होते. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून ते दाखवलं आहे.

आणखी एक. ‘जंगल’ हे संस्कृत ‘जांगल’वरून आलं, आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, उघडा, विरळ काटेरी झाडांचा मुलूख. त्याच्या उलट, पाणथळ नि दाट झाडीचा तो आनूप. दाट अरण्य हा अर्थ मागाहून चिकटला. त्या हिशोबाने तुमच्या गावची बोरीची जाळी अरण्यापेक्षा जास्त ‘जांगल’ आहे. न्यायालयात याचा काही उपयोग नाही, शब्दांच्या नादी लागलेल्यांसाठी सांगितलं.

गायरान म्हणू नका. चराई दोन्हीकडे असली तरी गायरान ही गुरांसाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या जमिनीची वेगळी नोंद आहे. वन कायदा तिला नुसत्या त्या नावाने लागू होत नाही. ‘पडीक’ तर अजिबात नको. पडीक म्हणजे पेरायची होती पण पेरली नाही ती. ही कधी पेरायची नव्हतीच. अर्जात, ठरावात ‘झुडपी जंगल’ हेच दप्तरी नाव जसंच्या तसं लिहा, गट क्रमांक घाला आणि निस्तारपत्रकाची नक्कल जोडा. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. जुनी पत्रकं बरीचशी हिंदीत असतात, तेव्हा ‘चराई’ शोधताना ‘चरोखर’ही शोधा.