खरा ख्रिस्ती कोण, विश्वासावरून ठरतो की कामावरून?
तुमचा प्रश्न असा की दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारा खरा ख्रिस्ती की न जाता लोकांच्या उपयोगी पडणारा. बायबलात दोन्ही बाजू आहेत, इफिसकरांस पत्रात 2:8-9 मध्ये प्रेषित पौल म्हणतो तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही, आणि याकोबाच्या पत्रात 2:17 मध्ये आहे की कृतीशिवाय विश्वास निर्जीव. लोक सोयीची एकच ओळ उचलतात आणि भांडत बसतात. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरपासून चालत आलेल्या या वादावर 1999 मध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन (ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चेसची जागतिक संघटना) यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, की तारण कृपेनेच, आणि चांगली कामं हे त्या विश्वासाचं फळ. मला हेच मनापासून पटतं.

आमच्या वेंगुर्ल्याकडे एक मावशी आहेत, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकवत नाहीत, आणि पावसात मासेमारी बंद असली की शेजारच्या घरात चूल पेटली नाही हे कळल्याबरोबर उकड्या तांदळाची पेज आणि सुका बांगडा घेऊन जातात, घर हिंदूचं की ख्रिस्त्याचं बघत नाहीत. आता यांचा विश्वास कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होतं सांगा बघू? बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय वाचा, तिथे शेवटच्या न्यायाच्या वेळी विचार होतो तो भुकेल्याला खायला दिलं का, अशाच गोष्टींचा.