वंशावळीत नसलेल्या लेकी

प्रश्न : आमचे खापरपणजोबा गिरगावात राहत आणि तिथे त्यांची चाळ होती, असं घरात सांगतात. ते 1890 च्या आसपास वारले. वंशावळीत फक्त पुरुषांची नावं आहेत. त्यांचं मृत्युपत्र असलंच, तर कुठे शोधू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चाळ गिरगावात होती, हे बरं झालं. 1870 च्या हिंदू मृत्युपत्र कायद्यानंतर मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, घ्यावं लागू लागलं. म्हणून आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांची प्रकरणं पाहणाऱ्या, विभागात चौकशी करा. मृत्यूच्या सालापाशीच अडून राहू नका. भाऊबंदकीत प्रोबेट वर्षानुवर्षं लांबे. आडनावाखाली काही मिळालं नाही, तर पहिल्या नावाखाली पाहा, इंग्रजी स्पेलिंगही तीन-चार तऱ्हांनी करून पाहा. मृत्युपत्र केलंच नसेल, तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन'साठी, म्हणजे मिळकतीची व्यवस्था पाहायचा अधिकार न्यायालयाकडून मिळावा म्हणून, वारसांनी केलेला अर्ज असू शकतो. आणि मिळकत फक्त गावाकडे असती, तर मी तुम्हाला जिल्हा न्यायालयात धाडलं असतं, 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखालचे वारस दाखले शोधायला.

कागद हाती आला की चाळीचं कलम शोधायची घाई होईल. माझी विनंती आहे, आधी अन्नवस्त्राची कलमं वाचा. घरातल्या बायका तिथे भेटतात: विधवा बहीण, बाळंतपणाला आलेली लेक, धाकट्या भावाची पोरकी मुलगी, कुणाला राहायला कोणती खोली आणि कुणाला कोणता दागिना.

आमच्या घरी पणजोबांच्या मृत्युपत्राचं कुणीतरी केलेलं इंग्रजी भाषांतर होतं. त्यात 'मुलीस नथ' एवढंच. पुढे मूळ मोडी मजकूर वाचला, तर तिथे लिहिलेलं, 'चिरंजीव यमुना, हल्ली सासरी मौजे पेण, हिजला तिचे आईची नथ'. पणजोबांना मुलगी होती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी त्या दिवशी दुसरं काही वाचूच शकले नाही. आमच्या वंशावळीत आता यमुनाबाई आहेत, मुलग्यांच्या ओळीत, जन्माच्या क्रमानं.

म्हणून भाषांतरावर थांबू नका, मूळ पानांची प्रत मागा. मोडी येत नसेल, तर मोडी जाणणाऱ्याकडून अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. सारांश घेऊ नका. सारांशात पहिल्यांदा गळतात ती बायकांचीच नावं.