सरकारी नोकरीत खासगीपेक्षा खरंच जास्त पगार मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की वय २६, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहात, पॅकेज वर्षाला ४ लाख २० हजार, आणि घरचे मागे लागलेत की नोकरी सोड, लिपिकाच्या परीक्षेला बस, सरकारी पगार जास्त असतो. मी पाच वर्षं चाकणच्या एका कंपनीत स्टोअरची बिलं केली. ऑगस्ट २०१७ पासून तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे. दोन्हीकडचे पगार घेतलेत, म्हणून सरळ हिशोबच मांडते.

आधी तुमचं पॅकेज. बाराने भागलं की ३५,००० येतात, पण ते खात्यात कधीच येत नाहीत. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, धरला तर ३,५०० तिथेच गेले. मूळ वेतन १५,००० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सातशेच्या वर, हेही पॅकेजमध्येच धरलेले असतात. मग तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २७ हजारांच्या आतच.

आता पुण्यात नव्याने रुजू होणारा लिपिक बघा. वेतनस्तर एस-६, मूळ वेतन १९,९००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १०,९४५. पुण्यात घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे ५,९७०. बेरीज ३६,८१५, वर थोडा वाहतूक भत्ता. एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, ३,०८४, व्यवसाय कर आणि गटविमा कापून तेहतीस-चौतीस हजार हातात येतात. शिवाय एनपीएसमध्ये सरकार आपल्या वाट्याचे १४ टक्के, म्हणजे ४,३१८ रुपये भरतं. ते मी या बेरजेत धरलेलेच नाहीत.

म्हणजे तुमच्या पायरीवर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. याहून खालच्या पायरीवर तर फरक मोठा आहे. सातव्या वेतन आयोगाने आयआयएम अहमदाबादकडून पाहणी करून घेतली होती. त्यात सरकारी मदतनिसाला एकूण २२,५७९ रुपये आणि खासगीतल्या मदतनिसाला ८,००० ते ९,५०० असं निघालं. वर चढत गेलात की मात्र काटा उलटा फिरतो. केंद्रात सगळ्यात खालचं मूळ वेतन १८,००० आणि कॅबिनेट सचिवाचं अडीच लाख, म्हणजे सुमारे चौदा पट. खासगीत शिपाई आणि सीईओ यांच्या पगारात असं काही प्रमाण पाळलं जात नाही. उपजिल्हाधिकारी ५६,१०० मूळ वेतनावर लागतो, पुण्यात सगळे भत्ते धरून लाखाच्या थोडं वर जातो. दहा वर्षं अनुभवाचा चांगला सॉफ्टवेअर इंजिनिअर त्याच्या पुढे असतो, आणि सर्जनचं तर विचारूच नका. म्हणून नुसतं 'सरकारी की खासगी' विचारून उत्तर मिळत नाही, कुठलं पद ते सांगावं लागतं.

वाढीचंही तसंच. माझं मूळ वेतन आठ वेतनवाढींनंतर २५,२०० आहे. दर जुलैला तीन टक्के, काम कितीही करा. माझ्याबरोबर चाकणला असलेली मैत्रीण दोन कंपन्या बदलून माझ्या पुढे गेली. मी रुजू झाले तेव्हा सहाव्या आयोगाचाच पगार होता, हातात सतरा हजारांच्या आसपास. कंपनीत २१ मिळत होते! आई दोन दिवस गप्प होती. राज्याने सातवा आयोग जानेवारी २०१९ पासून दिला, तेव्हा घर सावरलं.

पण २०२० आठवतं. मार्चचा पगार सरकारनेही दोन टप्प्यांत दिला, आम्हा गट क वाल्यांना आधी ७५ टक्के. महागाई भत्ताही दीड वर्ष गोठवला होता. तरी नोकरी जाईल ही भीती एक दिवसही वाटली नाही. त्याच एप्रिलमध्ये कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत होते, काहींना घरी बसवलं होतं. ती निश्चिंती कुठल्याही पे स्लिपवर दिसत नाही, पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी रक्कम आहे.

एक गोष्ट मनापासून सांगते. माझ्या शेजारच्या टेबलावर डेटा एंट्री ऑपरेटर बसते, एजन्सीमार्फत घेतलेली. तोच संगणक, तीच आवक-जावक, उलट टायपिंगचा वेग माझ्यापेक्षा जास्त. पगार माझ्या निम्म्याहून कमी, तोही कधी दोन-दोन महिने थकतो. दिवाळीआधी आम्ही सण अग्रिमाचे अर्ज भरत होतो, तेव्हा ती सगळ्यांचे अर्ज टाइप करून देत होती, आणि तिला स्वतःला अर्ज करायचा हक्क नव्हता. मला त्या दिवशी तिच्याकडे बघवलं नाही. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा कुणी 'सरकारी ऑफिसात चिकटवतो' म्हणालं, तर नेमणूक कायम आहे की कंत्राटी, हे आधी विचारा.

नोकरी मात्र सोडू नका. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. तीन वर्षं पुण्यात खोली, मेस आणि अभ्यासिका यांवर घालवली, तर तुमचे आजचे २७ हजार गुणिले ३६ एवढं नुकसान होतं, आणि ते भरून यायला पुढची कित्येक वर्षं जातात. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, तुमच्याकडे वेळ आहे. ऑफिस सांभाळून दोन प्रयत्न नेटाने द्या. आणि मराठी ३० चं, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांचं, टंकलेखन प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. मी परीक्षा जवळ आल्यावर पळापळ केली होती, त्यात अभ्यासाचे ऐन मोक्याचे दोन महिने गेले. सकाळी सातची बॅच मिळते, तिथून थेट ऑफिसला जाता येतं.